हडळ, चेटकीण, डाकीण: एकच की वेगळ्या?

हडळ, जखीण, चेटकीण, डाकीण हे समानार्थी शब्द आहेत का, आणि चेटकीण म्हटलं की म्हातारीच का डोळ्यांपुढे येते, असा प्रश्न आला आहे.

समानार्थी नाहीत. आधी मेलेली की जिवंत ते बघा. हडळ आणि जखीण ही मेलेल्या बायांची भुतं. जखीण थेट यक्षिणीवरून आली; कुबेराच्या दरबारातली बाई घसरत घसरत आपल्याकडे झाडावर येऊन बसली. चेटकीण आणि डाकीण मात्र हाडामांसाच्या, शेजारच्या घरात राहणाऱ्या. संस्कृतात चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. भुताला अंकित करून राबवायचं ते चेटूक, अशी संगती लावता येते आणि मला ती पटते. डाकीण ही तंत्रमार्गातली डाकिनी. वज्रयान बौद्धांत तिला आजही मान आहे.

आता म्हातारीचं. टोकदार टोपी, झाडू, बाकदार नाक हा सगळा सरंजाम युरोपी परीकथांबरोबर आला. आपली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चकवते! शब्दही मुळात मानाचेच. म्हातारा आला महत्तरवरून, म्हणजे थोरला. थेरडी ही तर स्थविर म्हणजे ज्येष्ठ, पालीत थेर, या घराण्यातली. थेरीगाथेतल्या वंदनीय थेरींच्या, म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्षुणींच्या, नात्यातली. आज तो शब्द फक्त खेकसायला उरलाय. (आणि ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही’ हे तर आपण भर बैठकीत बिनदिक्कत म्हणतो.)

डाकीण मात्र कोशापुरती राहिलेली नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पाड्यांवर पोर दगावलं, माणूस अंथरुणाला खिळला की भगताला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, विचारतात आणि भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. ती बरेचदा वयस्क, विधवा, पाठीशी कुणी नसलेली. तिच्याकडे जमिनीचा तुकडा असला तर भाऊबंदांनाही ते सोयीचंच. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खून. छत्तीसगडात हिलाच टोनही म्हणतात, झारखंडात डायन; बिहारनं (तेव्हा झारखंड त्यातच होतं) १९९९ मध्ये आणि छत्तीसगडनं २००५ मध्ये त्यासाठी वेगळे कायदे केले. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमकी करणी करते, मंत्रतंत्रानं गुरांचं दूध आटवते, असा आळ घेऊन कुणाचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. सरकारी कायद्यात आटलेल्या दुधाचा उल्लेख यावा, यावरून हे आळ कुठल्या गोठ्यात जन्मतात ते कळतं.

वापराबद्दल एकच सुचवतो. बातम्यांत ‘डाकीण असल्याच्या संशयावरून वृद्धेला मारहाण’ असं छापतात. चोरीचा संशय घेता येतो, कारण चोर असतात. इथे ‘डाकीण ठरवून’ लिहावं. म्हणजे कुणी ठरवलं, हेही पुढच्या वाक्यात सांगावं लागतं.