पावसाळ्यात कपाटातल्या बंदुकीला गंज चढतो, कोणतं तेल लावू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची शेतीरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी आता तुमच्या नावावर झाली. फोंड्याच्या घरी ती गिलाफात घालून लोखंडी कपाटात ठेवता, तेल लावता, सिलिका जेलच्या चार पुड्याही टाकल्यात. तरी चवथीला बाहेर काढली तर नळीवर लाल ठिपके. आता तेल बदलू का, असं विचारलंत.

तेल राहू द्या, आधी तो गिलाफ काढून टाका. कातडं असो, कापड असो की आतला फोम, तो ओल धरतो आणि ती नळीला चिकटवून ठेवतो. कातडं कमावताना वापरलेले क्षारही त्यात राहतात. गिलाफ बंदूक नेण्या-आणण्यापुरता. घरात ती उघडीच उभी करायची.

हे मी स्वतःचं नुकसान करून शिकलो. आमची सत्तरीत बागायत आहे, रानडुकरांसाठी एकनळी बाळगतो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीला आपल्याकडे गोव्यात ७ मे रोजी मतदान झालं आणि ४ जूनला निकाल लागला. आचारसंहितेत जमा केलेली बंदूक परत आणली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. घाईत तशीच गिलाफासकट कपाटात ठेवली. पंधरा दिवसांनी उघडून पाहतो तर नळीवर माझीच चार बोटं उमटलेली, तांबूस रंगात, रेषा मोजता याव्यात इतकी स्पष्ट. धरताना लागलेला घाम तेवढ्यातच पोलाद खाऊन गेला होता. आजोबांची वस्तू अशी पाहिल्यावर जे वाटलं ते अजून विसरलो नाही.

हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे ते, साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद भराभर गंजू लागतं. त्यावर मीठ असेल तर आणखी वाईट, कारण मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतं. जुलैत आपल्याकडे घरात ८५ टक्के ही रोजची गोष्ट. म्हणजे घामाचा न पुसलेला ठसा हा खाऱ्या पाण्याचा थेंबच समजा.

आता तुमच्या चार पुड्या. २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत २२ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. मोठ्या लोखंडी कपाटात पाऊण ते एक घनमीटर हवा मावते. ती ५० टक्क्यांवर आणायची तर सात ते नऊ ग्रॅम पाणी काढावं लागतं. पाच-पाच ग्रॅमच्या चार पुड्या मिळून सहा-सात ग्रॅम पाणी घेतात आणि संपतात. तुम्ही दार उघडलंत, झाली हवा परत तशीच. दाराच्या फटीतून येते ती वेगळी. सिलिका जेल वापरायचं तर किलोभर घ्या, नारिंगी दाणे हिरवे होतात ते. हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. दाराच्या कडेला रबराची पट्टी लावा, नाहीतर तुम्ही सगळ्या खोलीची हवा सुकवत बसाल. कपड्यांच्या कपाटात ठेवायचे ते पाणी साठवणारे डबे मात्र बंदुकीजवळ नकोतच. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. डबा कलंडला की खारं पाणी थेट लोखंडावर.

माझ्याकडे सर्वांत जास्त उपयोग झाला तो उबेचा. हवा नुसती २७ वरून ३१ अंशांवर नेली की ८५ टक्क्यांची आर्द्रता ६७ च्या घरात येते, एक थेंब पाणी न काढता. जुन्या काळी कॅमेरेवाले लेन्सला बुरशी लागू नये म्हणून पेटीत दिवा लावत, ते याच कारणाने. मी कपाटाच्या तळाशी जाळीच्या आत १५ वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावला आहे. एलईडी चालत नाही, तो फारसा तापत नाही. कापड, कागद बल्बपासून लांब हवेत आणि काडतुसं त्या कपाटात अजिबात नकोत, ती तशीही वेगळ्या कुलपातच असावीत. आमच्याकडे पावसात वीज जाते, म्हणून सोबत सिलिका जेल.

कपाट कुठे आहे तेही बघा. आमचं पश्चिमेच्या चिऱ्यांच्या भिंतीला टेकलेलं होतं, ती भिंत पावसाळाभर ओली. आता वीतभर पुढे ओढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय. एसीच्या खोलीत ठेवत असाल तर खिडक्या उघडताना जपा. रात्रभर २३ अंशांवर गार झालेल्या नळीला बाहेरची दमट हवा लागली की फ्रिजमधल्या बाटलीसारखे थेंब सुटतात.

एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या, स्वस्तात मिळतो, पण तो तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन थोडंसं पाणी घाला, नुसतं ओलसर होईल इतकंच. मग हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत आठेक तास ठेवा. काटा ७५ च्या जवळ यायला हवा. जेवढा फरक, तेवढा कायम मनात धरायचा. कपाटात ४५ ते ५५ च्या दरम्यान राहिलं की बस. त्याहून फार कोरडं केलंत तर दस्त्याच्या लाकडाला चिरा जातात.

तेल शेवटी. खोबरेल वापरू नका, आपल्याकडे सवय आहे म्हणून सांगतो. ते खवट होतं आणि चापाच्या यंत्रणेत चिकट थर धरतं. बंदुकीचं तेल पातळ पुसा, निथळेल इतकं नको. हातमोजे किंवा स्वच्छ फडकं धरून पुसा आणि महिन्यातून एकदा पुन्हा पुसा, मृगापासून दसऱ्यापर्यंत तर चुकवू नका. आधी दोन्ही नळ्या उघडून काडतूस नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. कुणाकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर काळ्या दारूची राख पाणी ओढते, ती तेलाने जात नाही. आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, मगच तेल.

तुमचे लाल ठिपके नवे असतील तर त्यांवर तेल लावून तासभर थांबा आणि सर्वांत बारीक स्टील वूलने हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर नको, त्याने नळीचा काळा-निळा मुलामा निघून जातो. मग नळ्या उघडून एका टोकाला उजेड धरा आणि दुसऱ्या टोकाने आत बघा. आतून लखलखीत दिसली तर निश्चिंत राहा. काळे खड्डे दिसले तर बार काढू नका, परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा आणि तो बरी म्हणेपर्यंत बागेत नेऊ नका.