पूर ओसरल्यावर झऱ्याच्या गुहेत उतरावं का?

तुमचा प्रश्न असा: अंदमानात स्कूबाचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, मार्चमध्ये फ्लोरिडाला मावसभावाकडे जाताय, आणि तिथल्या सुवानी नदीला पूर आल्याचं वाचलंत. पूर ओसरून आठवडा झाला की झऱ्यांच्या गुहांत डायव्हिंग करता येईल का? आणि आपल्या नाशिकजवळ असं काही आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी. नाही. अशा गुहा चुनखडीत होतात, पाण्याने दगड विरघळून. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही. ब्रह्मगिरीचं पाणी भेगांतून पाझरतं, त्या भेगांत माणूस मावत नाही. पांडवलेणी छिन्नीने कोरलेली.

आता पहिला. मी नोकरीसाठी पाच वर्षं फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला होते, केव्ह डायव्हिंग तिथेच शिकले. सध्या गंगापूर रोडला असते आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) माळ्यावर आहे.

नदीकाठच्या मळ्यातली विहीर आठवा. नदी चढली की विहिरीचं पाणी वर येतं, गढूळही होतं. तिकडच्या झऱ्यांचं तसंच, फक्त फार मोठ्या मापात. एरवी जमिनीखालचं पाणी दाबाने बाहेर येतं, बारा महिने साधारण २२ अंश तापमानाचं आणि काचेसारखं. सुवानी मात्र ओकिफनोकीच्या दलदलीतून निघते, कुजक्या पानांच्या अर्काने तिचं पाणी कोऱ्या चहासारखं. पुरात नदीची पातळी झऱ्याच्या दाबापेक्षा वर गेली की झरा आधी मंदावतो, मग थांबतो आणि शेवटी उलटा फिरतो. तो चहा, त्यासोबत पानं, काटक्या, गाळ, सगळं गुहेच्या पोटात ओढलं जातं.

त्यामुळे पाणी किती गढूळ आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेला चाललंय, हे आधी विचारा.

हिशोब बघा. केव्ह डायव्हिंगमध्ये एक तृतीयांशाचा नियम असतो: एक भाग हवा जायला, एक यायला, एक अडचणीला. सिलिंडरमध्ये २०० बार (हवेच्या दाबाचं माप) असेल तर साधारण ६० वापरून झाले की मागे फिरायचं. वाहत्या झऱ्यात जाताना प्रवाहाविरुद्ध दमता, येताना तोच तुम्हाला बाहेर आणतो. झरा उलटा फिरलेला असेल तर जाताना मजेत जाता, ६० बारमध्ये लांब पोचता, आणि येताना त्याच अंतराला १२० लागू शकतात. उरले २०. त्यात जोडीदाराची हवा संपली तर तुम्हा दोघांना त्या २० बारमध्ये काय होणार? म्हणून उलट्या प्रवाहात नियम पाळूनही माणूस अडकतो. जाणकार अशा वेळी उतरतच नाहीत.

पूर ओसरला म्हणजे नदी पात्रात परतली, एवढंच. गुहेत शिरलेलं पाणी अजून आतच असतं, कारण ते मोठ्या बोगद्यांतून बारीक फटींत आणि दगडाच्या छिद्रांतही गेलेलं असतं. जोरकस झरे काही दिवसांत ते धुऊन काढतात, मंद झऱ्यांना आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय हे दलदलीचं आम्लधर्मी पाणी चुनखडी खातं, त्यामुळे छताचे सैल तुकडेही पडलेले असू शकतात.

गाळाचा माझा एक अनुभव सांगते. एप्रिलची सुरुवात, सुवानीजवळची पीकॉक स्प्रिंग्ज ही झऱ्याची गुहा, पूर जाऊन बरेच आठवडे झालेले. तोंडाशी पाणी इतकं छान की तळाची पानं मोजावीत. आत थोडं गेल्यावर मार्गदर्शक दोरी, जी चिमटीत धरूनच परत यायचं असतं, ती समोर गाळात शिरली आणि दिसेनाशी झाली. मी मूर्खासारखी ती हलकेच वर ओढली. पूर गेल्यावर भांडीबाजारात दुकानदार जो गाळ उपसतात ना, वाळल्यावर मैद्यासारखा उडणारा, तसाच तो होता. क्षणात टॉर्चचा झोत जुलैतल्या कसारा घाटातल्या हेडलाइटसारखा झाला, पांढरा आणि निरुपयोगी. जोडीदाराने अंगठा वर केला. (पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘मस्त’ नाही, ‘डाइव्ह संपली, चला’. कोणीही दाखवावा, कारण विचारायचं नाही.) दोरी सोडली नव्हती म्हणून पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

आता तुमचं. तुमच्या कोर्सवर गुहेत जायचंच नाही, पूर असो नसो. तिथे गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेला फलक असतो, तो शोभेचा नाही. अनुभवी समुद्री डायव्हर, प्रशिक्षकसुद्धा, तो ओलांडून गेले आणि परतले नाहीत. मावसभाऊ ‘मी दहा वेळा गेलोय’ म्हणाला तरी फलकाच्या अलीकडेच थांबा. जिनी स्प्रिंग्ज या झऱ्यावर बॉलरूम नावाचं दालन तुमच्यासारख्यांना खुलं आहे. मागे गुहेला लोखंडी जाळी लावलीय, ती धरून बघा, झऱ्याचा जोर हाताला कळेल. पण जिनी सान्ता फे नदीच्या काठावर आहे, ती चढली की तिथेही चहा. तसं झालं तर विलिस्टन गावाजवळचे डेव्हिल्स डेन किंवा ब्लू ग्रोटो हे डायव्हिंगचे झरे बघा, ते नदीकाठी नाहीत.

तिकीट काढण्याआधी एक करा. सुवानी आणि सान्ता फेच्या पातळीचे आकडे अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण रोज ऑनलाइन टाकतं. एका दिवसाचा आकडा बघू नका, आठवड्याचा उतार बघा. आपण नाही का, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेवरून पूर ओळखतो, पण दुकान उघडायला पाणी गुडघ्याखाली जाऊन चिखल निघेपर्यंत थांबतो? आकडा उतरला तरी निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या डाइव्ह शॉपला फोन करून नेमकं इतकंच विचारा: “झरा बाहेर वाहतोय का?” दृश्यता किती फूट ते नंतर. पुढच्याने ‘बहुतेक’ म्हटलं, तर त्या दिवशी ट्यूबवर बसून नदीत तरंगा.