वाचकांचे प्रश्न : कर्करोगतज्ज्ञांसमोर बसल्यावर काय विचारावे?

मागील अंकात आपण एका कर्करोग शल्यविशारदाशी, एका संशोधकाशी आणि आरोग्यधोरणाचा पाठपुरावा करणाऱ्या एका कार्यकर्त्याशी झालेले संवाद छापले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आहे. जाणकार माणूस समोर असतो, वेळ थोडा असतो आणि नेमके विचारायचे तेच राहून जाते. अशा मुलाखती घेताना माझ्या लक्षात आले आहे की, डॉक्टर, संशोधक आणि लोकप्रतिनिधी यांच्याकडची उत्तरे तीन वेगळ्या जातींची असतात. डॉक्टर समोरच्या एका रुग्णाविषयी बोलतात, संशोधक हजारो माणसांच्या समूहाविषयी बोलतो, आणि लोकप्रतिनिधीकडे पैसा, पदे व मुदती यांची उत्तरे असतात. एकाला विचारायचे ते दुसऱ्याला विचारले की उत्तर मिळते, पण ते आपल्या उपयोगाचे नसते.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान गोव्यात झाले. दुसरे मत घ्यावे म्हणून रात्रीच्या गाडीने तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. दिवसभर थांबल्यावर डॉक्टरांनी पाच-सात मिनिटे दिली आणि आम्ही काहीच न विचारता परतलो. भाऊ म्हणतो, फार विचारले तर डॉक्टर चिडतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तारीख आहे. (एक वाचक भगिनी, डिचोली)

तुमच्या भावाची भीती खोटी नाही, पण ज्या डॉक्टरांशी मी बोललो आहे, त्यांची तक्रार प्रश्नांबद्दल क्वचितच असते. एकाच कुटुंबातील चार माणसे चार वेळा येऊन तोच प्रश्न विचारतात, ही त्यांची खरी तक्रार असते. म्हणून बोलणारे एकच माणूस ठरवा आणि ते शक्यतो आईच असू द्या. एक शंभर पानी वही घ्या, डाव्या पानावर प्रश्न लिहा आणि उजवे पान उत्तरासाठी कोरे ठेवा. वही उघडी दिसली की डॉक्टरही थोडे सावकाश बोलतात, हा माझा अनुभव आहे.

वहीतला पहिला प्रश्न असा असावा : या उपचारांचा हेतू काय आहे? रोग पूर्ण बरा करणे, तो काही काळ आटोक्यात ठेवणे, की त्रास कमी करणे? हा प्रश्न मी पहिला ठेवतो, त्याला कारण आहे. माझ्या वडिलांच्या जिभेच्या कडेला झालेली जखम कर्करोगाची निघाली, तेव्हा दुसऱ्या किमोनंतर डॉक्टर म्हणाले, ‘रिस्पॉन्स चांगला आहे.’ आम्ही घरी येऊन शेजारीपाजारी पेढे वाटले. रिस्पॉन्स म्हणजे गाठ आकाराने लहान झाली, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. रोग गेला, असे डॉक्टर म्हणालेच नव्हते. त्यांनी शब्द चुकीचा वापरला नाही, आम्ही त्याचा अर्थ विचारला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की, डॉक्टरांचे बोलणे संपले की ते आपल्या शब्दांत त्यांनाच परत सांगावे : ‘म्हणजे आधी शस्त्रक्रिया, मग किमो, आणि त्यानंतर रेडिएशन लागेल की नाही ते अहवाल पाहून ठरेल, असेच ना?’ यात अर्धे मिनिट जाते आणि चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त होते.

दुसरा प्रश्न अहवालाविषयी असावा. ‘ग्रेड ३’ असे वाचून तिसरी स्टेज समजलेली आणि रात्रभर रडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. स्टेज म्हणजे रोग शरीरात कुठवर पसरला आहे, आणि ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर स्त्री-हार्मोनचे ग्राहक आहेत का) आणि हर-टू (पेशींची वाढ करणारे एक प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्यांचा निकाल काय आला, हे आवर्जून विचारा. हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग होईल का आणि हर-टूविरोधी औषध लागेल का, हे त्यावरच ठरते. एकाच वयाच्या दोन शेजारणींचे उपचार वेगळे का, या प्रश्नाचे उत्तरही बहुधा तिथेच सापडते.

जाताना फाईल तारीखवार लावा आणि सर्वांत नवा कागद वर ठेवा. बायोप्सीचा नुसता अहवाल पुरत नाही, मूळ स्लाइड (तपासणीची काचपट्टी) आणि मेणात जपलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉकही मागून घ्या, कारण दुसऱ्या रुग्णालयात ते बहुधा पुन्हा तपासले जातात. आपले कागद मागण्यात संकोच बाळगू नये. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारविषयक २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत माणसाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्यायच्या असतात.

पाच मिनिटांत न मावणारे प्रश्न परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि वैद्यकीय समाजसेवक यांच्याकडे न्या. प्रवासाची सवलत, मुक्कामाची सोय, खर्चासाठी कोणती योजना लागू पडेल, ही माहिती मोठ्या डॉक्टरांपेक्षा समाजसेवकांच्या टेबलावर जास्त चांगली मिळते.

प्रश्न : घरच्या व्हॉट्सॲप गटावर काका रोज ‘नव्या संशोधना’चे संदेश टाकतात. कुठल्याशा तपासणीने मृत्यू निम्मे होतात, कुठल्याशा काढ्याने गाठ विरघळते. संशोधक भेटला तर खरे-खोटे कसे पारखावे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा)

काढ्याचा निकाल लवकर लागतो. तो प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, एवढे विचारले की बहुतेक संदेश तिथेच गळून पडतात. बशीतल्या पेशी मारणारी द्रव्ये पुष्कळ असतात, पण त्यांतली फारच थोडी माणसांचे औषध होतात.

‘निम्मे’ या शब्दाकडे मात्र नीट पाहायला हवे. समजा, हजारांत दोघांना होणारा आजार हजारांत एकालाच होऊ लागला. धोका निम्मा झाला हे खरे, आणि हजारांतल्या एकाचाच फायदा झाला हेही तितकेच खरे. म्हणून संशोधकाला विचारायचे की, निम्मे म्हणजे कितीचे किती?

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात घडले आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लवकर चाहूल लागावी म्हणून सौम्य व्हिनेगर लावून, बदललेला रंग नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची एक स्वस्त तपासणी आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचे गट करून निरनिराळ्या तपासण्या एकेकदाच केल्या गेल्या, आणि तुलनेसाठी एका गटाची तपासणी केली नाही. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिनेगरच्या एकदाच केलेल्या तपासणीने मात्र मृत्यू खात्रीने घटले, असे म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. पुढे टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. तिथे त्यांतल्या सुमारे निम्म्या स्त्रियांची व्हिनेगरचीच तपासणी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या महिलांकडून दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा झाली, आणि २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत तपासणी न झालेल्या गटापेक्षा त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

तपासणी तीच, उत्तरे मात्र दोन आली. काकांच्या गटावर यातला कोणताही एक निकाल ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून फिरू शकला असता. म्हणून संशोधकाला कोणावर, किती वेळा आणि किती वर्षे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून सोडू नये. चौथा प्रश्न अवघड आहे, पण मी तो विचारतो. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्या स्त्रियांचे काय झाले? या दोन्ही अभ्यासांवर हा आक्षेप जाहीरपणे घेतला गेला. त्या काळी तिथे कोणतीच नियमित तपासणी होत नव्हती आणि तुलनागटातील स्त्रियांना आरोग्यशिक्षण दिले होते, हे संशोधकांचे उत्तर होते. मला ते उत्तर अपुरे वाटते. तरीही त्या अभ्यासांवाचून आज आपल्याकडे ही खात्री नसती, हेही मला नाकारता येत नाही.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाने देवळाच्या सभागृहात कर्करोगावर कार्यक्रम ठेवला आहे. एक डॉक्टर आणि स्थानिक आमदार येणार आहेत. दरवेळी पुष्पगुच्छ आणि भाषणांत वेळ संपतो. (मंडळाचे सचिव, काणकोण)

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आठ दिवस आधी गोळा करा, त्यांची वर्गवारी करा आणि आमदारांना त्यांचे प्रश्न आधीच पाठवा. त्यांना कोंडीत पकडणे हा आपला हेतू नाही. त्यांनी आकडे घेऊन यावेत, एवढीच आपली अपेक्षा आहे. ‘सरकार कर्करोगासाठी काय करणार?’ या प्रश्नाला भाषणच उत्तर म्हणून मिळते. त्याऐवजी असे विचारा : आपल्या तालुक्यात स्तनांच्या तपासणीनंतर किती स्त्रियांना पुढील तपासणीस सांगितले, त्यांतल्या किती बायोप्सीपर्यंत पोहोचल्या आणि त्यात किती दिवस गेले? तीव्र वेदनांसाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन काणकोणच्या रुग्णाला कोणत्या सर्वांत जवळच्या ठिकाणी मिळते? आकडे हाताशी नसतील तर कोणत्या तारखेपर्यंत देणार, ते व्यासपीठावरच विचारून लिहून घ्या. पुढे गरज पडली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच, त्यात सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. माहिती अधिकाराचा आपला स्वतःचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला होता, हे कार्यक्रमात जरूर सांगा.

त्याच वर्षीचा दुसरा कायदाही तरुणांना माहीत असावा. डॉ. शरद वैद्य हे गोव्यातील कर्करोग शल्यविशारद होते. तंबाखूने पोखरलेली तोंडे शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहणाऱ्या या डॉक्टरांनी तंबाखूविरोधी चळवळ उभी केली आणि कायद्याचा आग्रह धरला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास आणि थुंकण्यास मनाई करणारा गोव्याचा कायदा १९९७ चा आहे, तर देशाचा तंबाखू नियंत्रण कायदा २००३ चा आहे. २००५ मध्ये गोव्याने गुटख्यावरही बंदी आणली. तेव्हा येणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा : तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी कोणाचा आजार टळू शकला असता, आणि त्यासाठी आमदारांनी काय करायला हवे? दोघे शेजारी बसलेले असताना हा प्रश्न विचारण्याची संधी पुन्हा लवकर यायची नाही.

प्रश्न : बाबांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. आम्ही त्यांना ‘जुना न्यूमोनिया’ असे सांगितले आहे. डॉक्टर म्हणतात, खरे सांगा. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, ‘माझा रिपोर्ट काय म्हणतो?’ (एक वाचक, पेडणे)

तुमचा हेतू मायेचा आहे, यात शंका नाही. पण माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्हीही तीन आठवडे हेच केले, आणि किमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने त्यांना सगळे सांगून टाकले. ते आम्हाला रागावले नाहीत, मात्र त्यानंतर बरेच दिवस आमच्या कोणत्याही उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाही.

सगळे एकदम सांगण्याची गरज नाही. ‘आजाराविषयी तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?’ एवढे आधी त्यांनाच विचारा. काही जण म्हणतात, मुलाशी बोला, मला औषध तेवढे द्या. त्यांच्या त्या इच्छेचाही मान ठेवावा. तुमचे बाबा मात्र रोज संध्याकाळी विचारत आहेत. पुढच्या तारखेला त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून तुम्ही एकटे आत जाऊ नका. त्यांना डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसवा आणि तोच प्रश्न त्यांना स्वतः विचारू द्या.