सुबिमल दत्तांचे कागद पहिल्यांदा वाचताना

सुबिमल दत्तांच्या खासगी कागदांवर काम करायचं ठरवलंत, विषय छान निवडलात. दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात, जिथे हे कागद आहेत, तिथे जाण्याआधी दत्तांची कारकीर्द तोंडपाठ करा: १९५५ ते १९६१ परराष्ट्र सचिव, मग मॉस्कोत राजदूत, १९७२ पासून ढाक्यात पहिले भारतीय उच्चायुक्त. एवढं डोक्यात असलं की तारीख नसलेलं पत्रही जागेवर बसवता येतं.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- आधी सूची वाचा, मग फाइल मागवा.
- एकच प्रसंग धरा. एप्रिल १९६० ची चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांची दिल्लीभेट नवख्याला उत्तम.
- फाइल क्रमांक आणि तारीख तिथल्या तिथे टिपा. नंतर शोधणं फार जिवावर येतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे: हे खासगी कागद म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं दप्तर नव्हे. त्या फाइलींसाठी जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार. काही 'अभिलेख पटल' या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. मसुदा आणि प्रत्यक्ष गेलेलं पत्र यांतही गल्लत होते. टंकलिखित कागदावर हाताने खाडाखोड दिसली, तर कोणता शब्द खोडला आणि त्याजागी काय आलं, दोन्ही उतरवून घ्या. खरा ऐवज तिथेच असतो.

भारत-चीन सीमाप्रश्नावरचे मोठे वाद तूर्त बाजूला ठेवा. पहिली फाइल संपली की टिपणं दाखवा, पुढचं तेव्हा बोलू.