इलेक्ट्रिक सायकल पडली आणि पेडल असिस्ट, म्हणजे पेडल मारल्यावर मिळणारी मोटरची मदत, गेलं?

भाऊ, मोटर गेली असं लगेच धरून चालू नको. आधी हँडलवरचं थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारं) फिरवून बघ. थ्रॉटलने सायकल पळते, फक्त पेडल मारल्यावर मोटर लागत नाही, म्हणजे मोटर आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर ठीक आहेत. थ्रॉटल आणि पेडल असिस्ट दोन्ही बंद असतील तर ब्रेकची मूठ बघ. पडल्यावर ती वाकते, आतला मोटर थांबवणारा कट-ऑफ स्विच दाबलेलाच राहतो आणि कंट्रोलरला वाटतं, ब्रेक लावलाय. मूठ बाहेर ओढून धर; मोटर चालली तर चोर सापडला.

थ्रॉटल चालतंय? मग क्रँकपाशी, म्हणजे पेडलचे दांडे जिथे बसतात तिथे, बस. तिथे लोहचुंबकांची गोल चकती आणि तिच्यासमोर पेडल फिरतंय हे ओळखणारा छोटा सेन्सर असतो. दोघांत दोन-तीन मिलिमीटरच अंतर हवं. जळगावजवळच्या असोद्याकडून येताना ओल्या काळ्या मातीत मी आडवा झालो, तेव्हा माझा सेन्सर नखभर सरकला होता. बोटाने जागेवर ढकलला, स्क्रू आवळला, झालं! आपल्याकडची ती माती चकतीमागे सिमेंटसारखी बसते, ती आधी खरवडून काढ. सेन्सरवर बारीक दिवा असेल तर पेडल फिरवताना तो लुकलुकायला हवा. चकती काढलीच तर उलटी बसवू नको, नाहीतर पुढे पेडल मारूनही असिस्ट येणार नाही.

वायरचे जोड बॅटरी बंद करूनच काढ. आणि बॅटरीला तडा, फुगवटा किंवा वास असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नको.