रोमला अन्नधोरणाच्या कामासाठी यायचंय? मग आधी हे वाचा

तुमचा प्रश्न असा: कृषी विषयात एमएस्सी झालंय, पाणलोट प्रकल्पांवर काही वर्षं काम केलंय, आता नोकरी सोडून रोमला यावं आणि इथे राहून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संस्थांमध्ये शिरकाव करून घ्यावा का? हातात कंत्राट नसताना येऊ नका, हे आधीच सांगते. पर्यटक व्हिसावर ९० दिवसांत काही होत नाही, आणि अर्ज तर सगळे ऑनलाइनच असतात.

तिन्ही संस्था एकाच शहरात असल्या तरी त्यांची कामं वेगळी. एफएओ, म्हणजे अन्न आणि कृषी संघटना, १९५१ पासून इथे आहे: आकडेवारी, मानकं, सरकारांना तांत्रिक सल्ला. डब्ल्यूएफपी, म्हणजे जागतिक अन्न कार्यक्रम, युद्धात-दुष्काळात धान्य आणि रोख मदत पोचवते. तिथे ट्रक, गोदामं आणि बंदरं कळणाऱ्या माणसाला मान. आयफॅडचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा, जन्म १९७४ च्या जागतिक अन्न परिषदेतून झाला. तिचं वळण बँकेचं: ग्रामीण प्रकल्पांसाठी सरकारांना सवलतीची कर्जं आणि अनुदानं. पाणलोटात राबलेल्या माणसाने पहिलं दार आयफॅडचं वाजवावं, असं माझं मत. बचत गट का मोडतात, बंधाऱ्याची देखभाल प्रकल्प संपल्यावर कोण करतं, हे तुम्ही पाहिलेलं असणार. नुसत्या पदव्या घेऊन येणाऱ्यांकडे नेमकं तेच नसतं.

'धोरण लिहायचंय' असं तुम्ही म्हणता, तिथे मात्र थोडं थांबा. इथली जागतिक अन्नसुरक्षा समिती २००९ च्या सुधारणेनंतर बरीच खुली झाली. शेतकरी, मच्छीमार, आदिवासी यांच्या संघटना आणि खासगी कंपन्याही चर्चेत बसतात, बोलतात. निर्णयाचा हक्क मात्र सदस्य सरकारांचाच. मसुदा पडद्यावर असतो, वादाचे शब्द चौकटी कंसात, आणि एकेक कंस सोडवताना रात्र होते. २०१२ ची जमीनधारणेची मार्गदर्शक तत्त्वं अशीच घडली, आणि तीही ऐच्छिक. २०२१ मध्ये कृषी-परिस्थितिकीवरच्या, म्हणजे निसर्गाच्या चक्रांशी जुळवून केलेल्या शेतीवरच्या, शिफारशी आल्या, तेव्हा शीर्षकातच 'आणि इतर नावीन्यपूर्ण पद्धती' ही शेपटी जोडलेली होती. त्याशिवाय सगळ्यांची सहमती कुठून होणार! सचिवालयातला माणूस मसुदे तयार करतो, नोंदी ठेवतो आणि स्वतःचं मत गिळतो. ते जमणार नसेल तर संघटनांच्या बाजूने या. पगार कमी, पण बोलता येतं.

आणि तुमचा जीव हमीभाव, सरकारी धान्यखरेदी यांत असेल तर शहरच चुकतंय. ते भांडण जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत चालतं. तिथे अनुदान मोजायला अजूनही १९८६-८८ च्या किमती धरतात, आणि मर्यादा ओलांडली तरी अशा खरेदीवर तक्रार करायची नाही, ही २०१३ ला संघटनेच्या बाली परिषदेत झालेली सोय तात्पुरतीच होती.

आता पोटापाण्याचं. बहुतेकांची सुरुवात सल्लागार म्हणून होते. एफएओत असं कंत्राट फार तर ११ महिन्यांचं, मग सक्तीची सुट्टी, पेन्शन नाही. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली आणि इथल्या संस्थांच्या भरतीलाही तिची झळ बसली. घराचा नेहमीचा भाडेकरार ४ वर्षांचा आणि पुढे आणखी ४ वर्षांचा असतो. तुम्ही १८ महिन्यांपर्यंतचा तात्पुरता करार मागा. कोदिचे फिस्काले, म्हणजे करदात्याचा क्रमांक, आधी काढा. त्याशिवाय घरमालक पुढचं बोलतच नाही.

इटालियन भाषा घरमालकाशी आणि भाजीवाल्याशी बोलायला लागेल, पण एफएओच्या कायम पदांना इंग्रजीखेरीज जी भाषा मागतात त्या यादीत ती नाही. फ्रेंच किंवा स्पॅनिश आतापासूनच घ्या; फ्रेंच असेल तर पश्चिम आफ्रिकेची कामं खुली होतात.

तिन्ही संस्थांची कार्यालयं दिल्लीत आहेत. पहिला अर्ज तिथे करा. देश कार्यालयात काम करून रोमला आलेली माणसं मला इथे बरीच भेटतात. आधी रोमला येऊन मग काम मिळालेली फारच थोडी.