ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये क्लाइन बॉटलचं शिल्प बनवतोय, नॉर्मल्स (प्रत्येक पृष्ठाची बाहेरची दिशा) रीकॅल्क्युलेट केले तरी निळ्या-लाल रंगाचा जोड का जात नाही?
मॉडेलमध्ये चूक नाहीये, क्लाइन बॉटल म्हणजे जिची मान वळून स्वतःच्याच पोटात शिरते अशी बाटली, तिला आत-बाहेर अशा दोन बाजूच नसतात म्हणून तो जोड कुठेतरी राहणारच. फेस ओरिएंटेशन (पृष्ठांची दिशा रंगाने दाखवणारी सोय) चालू केलं की ब्लेंडर बाहेरची बाजू निळी नि आतली लाल दाखवतं, पण इथे निळ्यावर बोट ठेवून मानेतून खाली सरकत गेलात की एकही कड न ओलांडता तुम्ही त्याच पत्र्याच्या मागच्या अंगाला पोचता, फेलिक्स क्लाइनने १८८२ मध्ये मांडलेल्या या आकाराची सगळी गंमत तीच आहे, त्यामुळे तो जोड दिसू द्या, फार सुंदर दिसतो. फक्त थ्रीडी प्रिंट काढणार असाल तर भिंतीला जाडी द्यावीच लागते, आणि मान पोटात शिरते तिथला छेद नीट तपासा, आपल्या तीन मितींत तो टाळता येत नाही.